वास जाईपर्यंत

त्या घरात सासऱ्यानं जावयाला मारायचं तरी अहो-जाहो करूनच मारायचं, अशी रीत पडली होती. "जावईबापू, जरा बाजूला व्हा," असं म्हातारा म्हणायचा, आणि ते 'व्हा' पुरतं तोंडाबाहेर पडायच्या आत लाकडी हातोडा जावयाच्या कानाजवळून सूं करून जायचा. जावईही काही गरीब गाय नव्हता. "मामा, तुमच्या पाया पडतो, पण आज तुमचं टाळकं फोडणार," असं तो खरोखर हात जोडून सांगायचा. फोडायचा मात्र नाही. वडीलधाऱ्यावर हात टाकायचा नाही हे त्याच्या आईनं त्याला बडवून बडवून शिकवलं होतं, म्हणून तो दारावर बुक्की मारायचा. खालच्या खोलीच्या दाराची प्लायवूडची फळी त्यानं जागोजागी आत घातली होती.

म्हातारा जन्मभर कारखान्यात टर्नर होता. लोखंड कातण्यात हयात गेली. निवृत्त झाल्यावर घराच्या मागच्या अंगाला, खालच्या खोलीत त्यानं लाकडाचं लेथ मशीन बसवलं आणि वाडगे कातायला लागला. गल्लीत त्याला सगळे टर्नरच म्हणायचे. जावई होता वेल्डर, आणि पहिली ठिणगी तिथंच पडली. "टर्नर मोजून कापतो, वेल्डर चुकलेलं झाकतो," असं म्हातारा सोयरीक ठरायच्या दिवशीच बोलून गेला. सगळे हसले. वेल्डर हसला नाही, आणि ते त्यानं कधी विसरायचंही नाव घेतलं नाही.

दोघांच्या मध्ये ती. टर्नरची एकुलती एक लेक. लहानपणी पायाला भिंगरी लावल्यासारखी घरभर पळायची म्हणून तिचं नाव भिंगरीच पडलं होतं. आता ती वरच्या खोलीत खिडकीशी मशीन मांडून पडदे शिवायची. आई गेल्यावर "बाबा एकटे कसे राहतील?" म्हणत तिनंच नवऱ्याला त्याच्या चांगल्या भाड्याच्या घरातून उचलून इकडं आणलं होतं. आणि टर्नर काय करायचा? नाक्यावर उभा राहून सांगायचा, "घरजावई पाळलाय." ज्या माणसानं बायकोच्या बापासाठी आपलं बिऱ्हाड मोडलं, त्याला हा असा आहेर! जीभ हासडून हातात द्यावी अशा माणसाची. पण लेकीवर त्याचा जीव होता. खाली लेथ चालवताना वरच्या मशीनची खडखड छतातून ऐकू आली की त्याचा हात स्थिर व्हायचा. खडखड थांबली की तोही पटाशी उचलून धरायचा आणि पुन्हा सुरू होईपर्यंत वर बघत राहायचा.

आता त्या खालच्या खोलीचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यातून उठलं. ओल्या लाकडाचा वाडगा कातला की तो सावकाश, मुरंबा मुरवल्यासारखा सुकू द्यावा लागतो. वाऱ्याची झुळूक लागली की टचकन तडकतो. म्हणून टर्नरनं तिथली खिडकी खिळे ठोकून बंद केलेली. तरी काही वाडगे तडकायचेच. मग त्या फटीत तो पाण्यासारखा पातळ, झटक्यात धरणारा गोंद ओतायचा. वरून लाकडाचा भुगा चोळायचा, पुन्हा गोंद ओतायचा, आणि तडा होता हे शोधून सापडायचं नाही. 'चुकलेलं झाकतो' म्हणून वेल्डरला हिणवणारा हाच तो माणूस! त्या गोंदाची वाफ अशी की डोळ्यांत आणि नाकात कुणी तिखट फुंकावं. ती बाहेर काढायला त्यानं मागच्या भिंतीला भोक पाडलं आणि कारखान्याच्या भंगारातला दणदणीत पंखा बसवला. हवा आत यायला दाराखालची फट तेवढी. पंखा चालू असला की दार उघडायला खांदा लावावा लागायचा. पंखा टर्नरनं स्वतः बसवला होता, त्यामुळे त्याच्या मते जगात असा पंखा दुसरा नव्हता. तो वाफ ओढून मागच्या अरुंद बोळात टाकायचा. पुढं ती कुठं जाते हे बघायला टर्नर काही बोळात गेला नाही. आपल्या नाकापुढून गेली म्हणजे जगातून गेली, असा त्याचा हिशोब.

बोळात वारा फिरत नाही. वाफेला जायला एकच वाट होती, वर. आणि वर भिंगरीची खिडकी.

तिला थंडीत खोकला लागला तो सुटेना. डॉक्टर म्हणाले दमा आहे, तोंडात फवारायचा पंप दिला, आणि सांगितलं की मोकळी हवा घेत जा. लेक बापाची असली तरी आज्ञाधारक. उबळ आली की उठायची, खिडकी सताड उघडायची आणि बाहेर डोकं काढून छाती भरभरून श्वास घ्यायची. रोज.

टर्नरनं निकाल देऊन टाकला. "हा वेल्डिंगचा धूर कपड्यांत भरून घरी आणतो, तो माझ्या पोरीच्या छातीत जातो." आणि फर्मान सुटलं: जावईबापूंनी संध्याकाळी अंगणातल्या नळाखाली सगळे कपडे उतरवायचे, अंग घासायचं, धुतलेला जोड घालायचा, आणि मगच जिना चढायचा. दुखणं म्हशीला आणि डाग पखालीला, दुसरं काय! पण वेल्डरनं ते ऐकलं. भर थंडीत, शेजारच्या बायका गच्चीवरून तोंडाला पदर लावून हसत असताना, तो धिप्पाड गडी चड्डीवर नळाखाली बसून दात वाजवत अंग घासायचा. एखाद्या दिवशी उशीर झालाच तर कामावरच धुवून यावं म्हणून टेम्पोत एक धुतलेला जोड कायम ठेवायचा. टर्नर अंगणात खुर्ची टाकून देखरेख करायचा. "मानेमागं राहिलं, जावईबापू. जोरात घासा. वास अजून येतोय." वेल्डर दात-ओठ खाऊन घासायचा. बायको बरी होणार असेल तर नळच काय, तो गटारातही बसला असता.

बायको बरी झाली नाही.

मग टर्नरची कंबर धरली आणि तो अंथरुणाला खिळला. लेथ बंद, गोंद बंद, पंखा बंद. आणि भिंगरीचा खोकला गेला! ती जिन्यावरून गाणं गुणगुणत उतरायला लागली. कंबर सुटली, लेथ फिरलं, खोकला परत हजर. वेल्डर अडाणी नव्हता. सुट्टीच्या दिवशी तिला खाली पाठवून तो स्वतः तिच्या मशीनवर बसला, खिडकी उघडली आणि थांबला. खाली पंखा घरघरला. जरा वेळानं वेल्डरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते गोंदाचं होतं आणि संतापाचंही.

तो खाली आला तेव्हा मात्र त्यानं आवाज चढवला नाही. "मामा, तुमचा वास तिच्या खिडकीत जातो. तिला तुमच्या गोंदानं दमा लागलाय."

टर्नरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी मुस्काटात बसली, मग शब्द आले. "माझ्या खोलीत येऊन मला शिकवता? मी तिला जन्म दिलाय! मी तिला मारीन?"

"मारताय, मामा."

दुसरी बसली. वेल्डरच्या ओठातून रक्त आलं. त्यानं वळून दारावर बुक्की मारली, फळी फुटली, बोटांची सालं निघाली. त्या आवाजानं भिंगरी जिना उतरून आली. तिच्या हातात कापड मोजायची लाकडी पट्टी होती. तिनं काही विचारलंच नाही. आधी नवऱ्याच्या पाठीत घातली, मग बापाच्या दंडावर, मग परत नवऱ्याच्या. "माझ्या श्वासावरून कुस्त्या खेळता? लाजा नाही वाटत?" पट्टी मोडली. मग खोकल्याची उबळ आली आणि ती दाराला धरून खाली बसली. दोघं तिला उचलायला धावले आणि डोक्याला डोकं आपटून घेतलं.

वेल्डरनं तोड काढली. "पंख्याच्या तोंडाला पत्र्याचं धुराडं लावतो. भिंतीवरून सरळ वर, छताच्या पार. तुमचं लेथ चालू राहील, तिचा श्वास चालू राहील. मला एक रविवार द्या."

कुणाही शहाण्या माणसानं जावयाला मिठी मारली असती. टर्नर म्हणाला, "तुमचं डाग दिलेलं भोंगं माझ्या भिंतीला लागणार नाही."

का? विचारलंत तर त्यालाही सांगता आलं नसतं. धुराडं लागलं म्हणजे पंखा चुकला. पंखा चुकला म्हणजे इतके महिने वर बसून लेक जे खोकत होती ते त्याच्या हातचं होतं. एवढं कबूल करण्यापेक्षा त्याला जावयाचा जीव घेणं सोपं वाटत होतं.

वेल्डरनं तरी धुराडं बनवलं. कामावरून सुटल्यावर थांबून थांबून, तुकडा तुकडा जोडून, कोपर असा सुबक वळवून की सांधा बोटाला लागू नये. सकाळी टेम्पोतून आणलं आणि दारात उभं केलं. टर्नरनं ते पाहिलं. सांध्यावरून अंगठा फिरवला. काम चोख होतं. त्यात खोट असती तर कदाचित तो नुसता हसला असता. पण चोख होतं, म्हणून त्यानं घण आणला आणि भर रस्त्यात, सगळ्या गल्लीसमोर, ते धुराडं आडवं पाडून ठोकायला लागला. प्रत्येक घावाला पत्रा किंचाळत होता. शेवटी पापडासारखं सपाट झालं तेव्हा त्यानं घण टाकला आणि धापा टाकत म्हणाला, "उचला तुमचं सामान, जावईबापू."

वेल्डरनं तो चपटा पत्रा उचलून टेम्पोत टाकला. वरून, रस्त्याकडच्या खिडकीतून भिंगरी बघत होती. तिनं खिडकी लावून घेतली. टर्नरला वाटलं, जिंकलो. गाढव लेकाचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो लेथवर चढवलेल्या मोठ्या वाडग्याला बसला. परातीएवढा होता, आणि बुडापासून काठापर्यंत तडा. त्यानं गोंदाची मोठी बाटली फळीवर उघडून ठेवली आणि धार सोडायला लागला. पंखा घरघरत होता, पण वाफ जाईना. डोळे झोंबले, घसा बंद झाला. त्यानं पंख्याच्या जाळीला हात लावला. हवा ओढतच नव्हता. खोकत खोकत तो बोळात गेला तर काय, पंख्याच्या तोंडात गोणपाट कोंबलेलं! लाकडाची पाचर मारून घट्ट बसवलेलं. वेल्डरचं काम ते, आरपार पक्कं.

टर्नरनं पाचर उपटली, गोणपाट ओढून फेकलं, आणि खोलीत परत शिरता शिरता अंगणातूनच गर्जना केली, "जावईबापू! खाली या!"

वेल्डर बायकोची तब्येत बरी नाही म्हणून त्या दिवशी घरीच होता. बाह्या वर सारत तो जिना उतरून खालच्या खोलीत आला. "आलो, मामा."

"माझं तोंड दाबता? मला आत कोंडून मारता?"

"तुम्ही तिला जे देता तेच तुम्हाला दिलं. गोड लागलं का?"

टर्नरनं लेथवरची लांब पटाशी उचलली. दांड्याकडून मारायचं एवढं भान त्याला होतं, तेवढंच होतं. दांडा वेल्डरच्या भुवईवर बसला, कातडी फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. आणि त्या दिवशी पहिल्यांदा वेल्डरची आई त्याच्या हाडांतून निघून गेली. त्यानं सासऱ्याला गळ्याला धरलं आणि भिंतीवर आपटलं. टर्नरनं गुडघा मारला. दोघं गरगरत लेथवर आले. कुणाचा तरी हात बटणावर पडला, कुणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि तो परातीएवढा तडकलेला वाडगा भणाणून फिरायला लागला. वेल्डरचा खांदा त्याला घासला. वाडगा फुटला. अर्धा छताला लागला, अर्धा मांडणीवर जाऊन आदळला आणि महिनोन्‌महिने जपून सुकवलेले सगळे वाडगे धडाधड खाली आले. टर्नर त्यांच्यावरून घसरला आणि पडता पडता त्यानं जावयाचा उघडा हात मनगटाच्या वर घट्ट पकडला. त्या हिसक्यानं फळी निखळली आणि गोंदाची उघडी बाटली दोघांच्यावर उपडी झाली.

गोंद पकडलेल्या हातावरून, बोटांच्या फटीतून, दोन कातड्यांच्या मध्ये उतरला. टर्नरच्या सुती एप्रनवर सांडला तो, सुताला लागला की ह्या गोंदाचं होतं तसा, तापायला लागला. एप्रनमधून पांढरा धूर निघाला आणि मांडी पोळली. टर्नर बोंबलला. मोकळ्या हातानं त्यानं एप्रन फाडून टाकलं. खोलीत पांढरा ढग भरला होता. आणि आता पंख्याच्या तोंडात गोणपाट नव्हतं. तो जगात दुसरा नसलेला पंखा सगळा ढग ओढून बोळात टाकत होता.

"सोडा!" वेल्डर ओरडला.

"तुम्ही सोडा!"

"मी धरलंय का? तुम्ही धरलंय!"

टर्नरनं बोटं उघडायला जोर केला. बोटं उघडली नाहीत. तळवा जावयाच्या हाताला असा बसला होता की जणू तिथंच उगवला होता. दोघं एकमेकांकडे मूर्खासारखे बघत राहिले. वेल्डरच्या भुवईचं रक्त टर्नरच्या मनगटावर टपटपत होतं. बटण दाबून वेल्डरनं लेथ बंद केलं.

तेव्हा टर्नरला कळलं की वरचं मशीनही बंद आहे.

भांडणाच्या भरात केव्हा थांबलं, कुणास ठाऊक. मग वर खुर्ची पडल्याचा आवाज आला. मग काहीतरी जड पडलं.

लोखंडी जिना एका माणसापुरता. दोघं आडवे होऊन, एक पुढं एक मागं, हाताला हात चिकटलेला, ओढत ढकलत वर गेले. टर्नर दोनदा गुडघ्यावर पडला आणि जावयानं त्याला त्याच चिकटलेल्या हातानं वर ओढलं. दार ढकललं आणि टर्नरच्या नाकात त्याचा स्वतःचा गोंद शिरला. खालच्याइतकाच. पडद्याच्या ढिगाला वास, उशीला वास, भिंतींना वास. खिडकी सताड उघडी होती. खालचा दंगा ऐकून तिला उबळ आली असणार आणि डॉक्टरनं सांगितलं तसं तिनं मोकळ्या हवेसाठी डोकं बाहेर काढलं असणार, नेमकं तेव्हाच.

ती खिडकीखाली पडली होती. ओठ निळे. गळ्याच्या खोबणीत कातडी आत ओढली जात होती आणि श्वास आत जाताना शिट्टीसारखा आवाज येत होता. मुठीत पंप होता, पण दाबायला बोटांत जोर नव्हता. वेल्डरनं मोकळ्या हातानं तो तिच्या तोंडात दाबला, एकदा, पुन्हा. शिट्टी थांबेना. तिनं डोळे उघडून बापाकडे पाहिलं. रागानं नाही, आणि टर्नरला तेच सोसवेना. मी केलं, त्याला वाटलं. हे मी केलं, ह्या हातांनी केलं.

"टेम्पो दारात आहे," वेल्डर म्हणाला. "मामा, उचलायला मला दोन्ही हात लागतील. खाली तो गोंद सुटायचं औषध..."

"खाली जायला वेळ नाही."

"मग तुम्ही पायाकडून धरा, आपण दोघं..."

"त्या जिन्यावरून? तिघं पडू." टर्नरनं पाय उचलला आणि जावयाच्या बरगडीवर रोवला. "जावईबापू, तोंड तिकडं करा."

"मामा, थांबा! हाताची सालडी निघेल!"

"निघू द्या."

आणि त्यानं ओढलं. पहिल्या हिसक्याला बोटं सुटली, वेल्डर ओरडला. दुसऱ्या हिसक्याला टर्नरच्या तोंडातून असा आवाज आला की तसा आवाज त्यानं आयुष्यात कधी काढला नव्हता, बायको गेली तेव्हाही नाही. ओलं कापड फाटावं तसं काहीतरी वाजलं. तळव्याची कातडी जावयाच्या हातावर राहिली आणि टर्नर मागं भिंतीवर जाऊन आदळला. "पळा!" तो म्हणाला. वेल्डरनं भिंगरीला लहान पोरासारखं उचललं आणि जिना उतरून गेला. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा टर्नर हात छातीशी धरून भोकाड पसरून रडत होता. हात दुखत होता म्हणून नाही.

शेजाऱ्यांनी त्याला दवाखान्यात नेलं. हाताला कापसाचे बोळे लावून, पट्ट्या गुंडाळून मोठं गाठोडं बांधलं. "लेक कशी आहे?" एवढंच तो विचारत होता. वाचली, असं कुणीतरी सांगितलं. वेळेवर आणली म्हणून वाचली, थोडा उशीर झाला असता तर... पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही. गाठोडं सांभाळत वॉर्डाच्या दाराशी गेला.

ती उशांना टेकून बसली होती. नाकातोंडावर नळीचा मुखवटा. ओठ पुन्हा माणसाच्या ओठांसारखे झाले होते. शेजारी वेल्डर, भुवईला टाके, अंगावर टेम्पोतला धुतलेला जोड, केस ओले. त्याच्या हातावर, मनगटाच्या वर, टर्नरच्या तळव्याचा तो तुकडा तसाच होता, सुकून पिवळा पडलेला. नर्स औषधानं काढायला आली तेव्हा त्यानं नको म्हटलं होतं. तिच्या जवळ आता आणखी कसलाही वास नको, गळेल आपोआप.

भिंगरीनं बापाला पाहिलं. मुखवट्याआडून हसली आणि हात पुढं केला. टर्नर धावला. पलंगाजवळ पोचला, तिची बोटं त्याच्या बोटांना लागली, आणि तिची छाती आत ओढली गेली. उबळ. मग शिट्टी.

डॉक्टरीणबाई धावत आल्या आणि त्यांनी टर्नरला खांद्याला धरून अक्षरशः मागं ढकललं. "काय लावून आलात अंगाला? डोकं ठिकाणावर आहे का? ह्यांनाही मी मघाशी असंच हाकललं होतं! आता तिला त्या गोंदाचा एक कण चालणार नाही, कळतंय? कपड्यातला नाही, केसातला नाही. ज्या घरात तो गोंद, त्या घरात ही नाही. बाहेर व्हा आधी!"

टर्नर बाहेर झाला. बाकावर बसला नाही, कारण बाकालाही वास लागेल असं त्याला वाटलं. पॅसेजच्या मधोमध उभा राहिला. आपला शर्ट नाकाशी नेऊन त्यानं हुंगला. त्याला काहीच वास आला नाही. इतक्या वर्षांत नाकच मेलं होतं.

दार उघडून वेल्डर बाहेर आला. "थांबली उबळ. बरी आहे." मारायला आला असता तर टर्नरला बरं वाटलं असतं.

"जावईबापू," टर्नर म्हणाला, "इथं नळ कुठं आहे?"

दवाखान्याच्या मागं अंगणात नळ होता. तिथं बादल्या धुणाऱ्या बायका होत्या, औषधांचे खोके उतरवणारी माणसं होती, वरच्या मजल्याच्या खिडक्यांतून नातेवाईक बघत होते. टर्नरनं एका हातानं शर्टाची बटणं सोडायला घेतली. ती सुटेनात. वेल्डरनं पुढं होऊन शर्ट सरळ फाडला. पँट उतरवली. सत्तरीकडं झुकलेला म्हातारा चड्डीवर ओल्या फरशीवर बसला, पट्टी बांधलेला हात डोक्याच्या वर धरून. कुणीतरी हसलं. वेल्डरनं त्या दिशेला नुसतं बघितलं आणि हसणं बंद झालं.

पाणी थंडगार होतं. वेल्डरनं कपडे धुवायचा साबण आणि फरशी घासायचा ब्रश मागून आणला होता. तो घासायला लागला. हळुवार वगैरे काही नाही, भांड्याची काजळी काढावी तसा घासत होता. रस्त्यात सपाट केलेलं ते धुराडं त्या घासण्यात होतं. नळाखालची सगळी थंडी, मुस्काटातल्या सगळ्या चपराकी, आणि वरच्या खोलीतली ती शिट्टीही होती. म्हाताऱ्याची पाठ लालबुंद झाली, खांद्यावर रक्ताचे बारीक ठिपके उमटले. टर्नरनं दुसरा खांदाही पुढं केला.

"डोकं खाली करा, मामा."

टर्नरनं डोकं खाली केलं. केसांतून साबणाचं पाणी डोळ्यांत उतरलं आणि त्याबरोबर बाकीचंही वाहून गेलं, कुणाला कळलं नाही.

"मानेमागं राहिलं असेल," तो म्हणाला.

वेल्डरनं मानेमागं घासलं. मग ब्रश खाली ठेवला, वाकला, आणि सासऱ्याच्या मानेशी नाक नेऊन लांब श्वास घेतला.

"गेला का?" टर्नरनं विचारलं.

"नाही, मामा."

"मग थांबलात कशाला?" म्हातारा म्हणाला. "जोरात घासा."